हनुवटीखालची गिटार

बाबा, तुझ्या बेस गिटारच्या वरच्या शिंगावर, मानेशेजारी पुढे आलेल्या त्या टोकावर, दातांच्या खुणा आहेत. तू गेल्यापासून ती गिटार माझ्याकडे आहे. तिच्या तारा मी कितीदा बदलल्या, वाकलेली मान सरळ करून घेतली, आतली सुटलेली वायर पुन्हा डागली, आणि तरी त्या खुणा मला कळल्या त्या आत्ता, गेल्या महिन्यात. दिसत होत्या तशा, पण ओरखडे असतील म्हणून मी सोडून दिल्या होत्या. खरं सांगायचं तर तुझ्या वस्तूंकडे नीट बघायचं नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं. तुझ्यावर माझा राग होता. ज्याच्यावर राग असतो त्याची वस्तू माणूस वापरतो, तिच्याकडे बघत मात्र नाही. त्या खुणांपासूनच सुरू करते, दुसरीकडून कुठून सुरू करावं ते सुचत नाही.

दिवसा तू कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर असायचास आणि संध्याकाळी वाशीच्या फ्लॅटमधल्या पोरांबरोबर रॉक वाजवायचास. आपल्या गावात, शिरवण्यात, याचं कुणाला कौतुक नव्हतं. हळदीला बेंजो वाजवणारा तो कलाकार, आणि चार जाड तारांवर नुसती धडधड करणारा तो येडा, असा गावाचा साधा न्याय होता. पण मी तुला स्टेजवर पाहिलंय. कुठल्या तरी कॉलेजचं गॅदरिंग आहे, मैदानात फळ्यांचं स्टेज बांधलंय, मी अगदी पुढे जाऊन फळीला नाक लावून उभी आहे. बाकीची पोरं उड्या मारतायत, केस उडवतायत. तू जागचा हलत नाहीस. पट्टा आखूड करून गिटार पार छातीशी घेतली आहेस, मान खाली, हनुवटी गिटारच्या शिंगावर टेकवलेली, डोळे मिटलेले. बेसचा आवाज पोटात यावा लागतो म्हणतात. तुझा यायचा तो थेट कपाळात. करकरीत, खरखरीत, पत्र्यावरून साखळी ओढावी तसा. कॉलेजची पोरं नंतर तुझ्यासारखी हनुवटी टेकवून फोटो काढायची. तुझे बँडवाले म्हणायचे, याच्या बेसमध्ये राग आहे. मलाही तेच वाटायचं, आणि आपला बाप इतका रागावलेला आहे याचा तेव्हा मला अभिमान होता.

मला शिकवलंस ते दारापुढच्या ओट्यावर. घरात जागा नव्हती आणि आईला तो आवाज सहन व्हायचा नाही. गिटार माझ्या मांडीवर, ती माझ्यापेक्षा लांब, आणि तू समोर पाटावर बसून माझ्या तोंडाकडे बघतोयस. तार छेडायचं पिक तू स्वतः कापायचास. कारखान्यातून केमिकलची निळी पिंपं यायची, पाणी साठवायला आख्ख्या गावाने घेतलेली. त्यातलं एक तडकलं होतं, त्याच्या जाड प्लास्टिकचे तू तिकोनी तुकडे कापलेस, ओट्याच्या दगडावर घासून गुळगुळीत केलेस, आणि त्यातला सगळ्यात चांगला मला दिलास. मला बोटांनी वाजवायला आवडायचं. बोटांनी तार छेडली की आवाज गोल, मऊ येतो. तुला ते मुळीच चालायचं नाही. तू माझ्या मनगटावर टिचकी मारायचास. "उंदरा कुरतरतान काय? जोरान मार गो बाय. ऐकाला येल असा वाजव!" मी पिक धरून मारायचे, तू म्हणायचास अजून, मी अजून मारायचे, आणि तरी तुझं समाधान नाही. शेवटी तू उठून माझ्या मागे यायचास आणि गिटारच्या अंगावर तळहात ठेवायचास. मग कुठे म्हणायचास, "हां, आता." त्या हाताला मी माया समजायचे. तू घरात कुणाला फारसं जवळ घेणारा माणूस नव्हतास, त्यामुळे तो गिटारवरचा हातसुद्धा मला पुष्कळ होता.

आणखी दोन गोष्टी लिहून ठेवते, कारण पुढे त्या लागणार आहेत. एक स्वयंपाकघरातली. तू कुकरच्या शेजारी स्टुलावर बसून चहा पितोयस, आई मागच्या नळावर धुणं धुतेय, कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय आणि तू भिंतीकडे बघत निवांत आहेस. डाळ करपली. आई ओल्या हातांनी धावत आली आणि तिने तुझ्या सात पिढ्या काढल्या. तू कपाआडून तिच्याकडे बघून हसलास. मला वाटलं, काय हा आळशी माणूस. दुसरी शाळेतली. निबंधात माझा नंबर आला होता, बक्षिसाची स्टीलची प्लेट हातात होती, तू सेकंड शिफ्टला निघाला होतास आणि नेमका शाळेच्या गेटासमोरून चालला होतास. मी मागून हाक मारली. पुन्हा मारली. माझा आवाज किती चिरका होता तुला आठवत असेल, सगळी शाळा वळून बघायला लागली. तू वळला नाहीस. तसाच ताठ मानेने कोपऱ्यावरून गेलास. मैत्रिणी हसल्या. मी ती प्लेट दप्तरात कोंबली आणि घरी कुणाला दाखवली नाही. आईला ती पुढे दप्तर धुताना सापडली.

कारखाना बंद पडला, बँड त्याच्या आधीच मोडला होता. फ्लॅटवाली पोरं नोकऱ्यांना लागली, एक परदेशात गेला. तू घरात बसलास आणि गप्प झालास. हळदीला जाईनास, पारावर बसेनास, कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवायचास, कधी भलत्याच ठिकाणी हसायचास. लोक म्हणाले, मनाला लावून घेतलंन. मग जासईच्या बाजूला कंटेनर यार्डात तुला काम लागलं. ट्रेलरच्या मागे उभं राहून कंटेनरचा नंबर आणि सील बघायचं. आई खूश झाली. तू झाला नव्हतास, पण तू आताशा कशानेच खूश होत नाहीस, असं घरात सगळ्यांनी धरून चाललेलं होतं.

आणि मग ती दुपार. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये वडापाव खात होते, हे मला का आठवतं देव जाणे. यार्डात एक ट्रेलर मागे येत होता, तू त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्या कंटेनरचं सील बघत होतास, आणि तू हलला नाहीस. एवढंच. स्वच्छ ऊन होतं, जागा मोकळी होती. ड्रायव्हर कुठला तरी उत्तरेकडचा, वयाने तुझ्याएवढाच. चौकीत तो रडत पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "रिवर्स का अलार्म चालू था साहब, पूरा यार्ड सुन रहा था, वो आदमी हटा ही नहीं." दोन लोडरनीही तेच सांगितलं. आवाज चालू होता. सगळ्यांनी ऐकला. तू ऐकून उभा राहिलास. मग आपल्याच ओट्यावर, तुझं दहावं व्हायच्या आत, कुणीतरी हळूच म्हणालं, "मुद्दाम उभा ऱ्हायला त्यो. मन लागत नव्हता त्याचा." मी दाराआड होते. आई समोर बसली होती. मला वाटलं ती उठेल, त्या माणसाचं तोंड फोडेल, तिची जीभ काय तुला माहीतच आहे. ती काही बोलली नाही. पदर डोक्यावर ओढून जमिनीकडे बघत राहिली. मी ओळखलं, म्हणजे तिलाही तसंच वाटतंय. त्यानंतर आम्ही दोघी त्या विषयावर कधी एक शब्द बोललो नाही.

एवढी वर्षं मी हे घेऊन जगलेय, बाबा. की तुला मागून आवाज आला, तुला कळलं काय येतंय, आणि तू एक क्षणभर आमचा विचार करून, किंवा न करता, तिथेच उभा राहिलास. शाळेच्या गेटावरही तू असाच वळला नव्हतास, मी मनाशी म्हणायचे, याला मागे वळायची सवयच नाही. मी बेस सोडला नाही, कारण मला दुसरं काही धड येत नव्हतं. नेरूळला क्लासमध्ये पोरांना शिकवते, ऑर्केस्ट्रात वाजवते, हळदीलाही वाजवते. पण पिक हातात धरलं नाही. बोटांनी, मऊ, कुणाच्या लक्षात येणार नाही असा बेस. ऑर्केस्ट्रावाले म्हणतात ताई किती क्लीन वाजवते. मी तुझ्याविरुद्ध वाजवत होते, एवढंच त्याचं रहस्य.

तर यावर्षी तुझा ड्रमर आला. मी त्याला काकाच म्हणते. पोट सुटलंय, केस गेलेत, हातांना कंप सुटलाय. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. त्याच्याकडे तुमच्या एका कार्यक्रमाची कॅसेट निघाली, स्टेजच्या साउंड मिक्सरवरून रेकॉर्ड केलेली, आणि त्यात तुमचं स्वतःचं मराठी गाणं आहे, पण शेवटाकडे टेप चुरगळून गेलीय. त्याचं म्हणणं, हात आहेत तोवर शेवटचा भाग पुन्हा वाजवून जोडायचा आणि गाणं नेटवर टाकायचं. गिटारवाला परदेशातून त्याचं वाजवून पाठवणार, गाणारा पुण्याहून येणार. "राहिला बेस," काका म्हणाला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, वाजवीन की. तो म्हणाला, "वाजवायला कोणी पण वाजवेल गं. मला त्याचा आवाज पाहिजे. जोड कळता कामा नये." मी म्हटलं, काका, तो आवाज मेला. तर म्हणतो, "तुझ्याकडे गिटार तीच, रक्त तेच. आता बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर." असलं बोलून तो स्वतःच दचकला आणि मग आम्ही दोघंही हसलो. मी हो म्हटलं ते त्या हसण्यामुळे. मनात दुसरंही होतं. त्या आवाजात जो राग आहे म्हणतात तो मला एकदा हातात घेऊन बघायचा होता. ज्या रागापायी तू आम्हाला टाकून गेलास तो नेमका कसा बनतो, ते.

तुर्भ्याच्या इंडस्ट्रियल गाळ्यात एक स्टुडिओ आहे. शेजारी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, दिवसभर ग्राइंडर. रेकॉर्डिंग करणारा मुलगा हुशार, सांगलीकडचा, मला ताई म्हणतो. त्याने कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली आणि आम्ही कामाला लागलो. नव्या स्टीलच्या तारा चढवल्या. तुझा होता तसला छोटा, फाटका वाजणारा ॲम्प एका जुन्या दुकानातून शोधून आणला, नाकापेक्षा मोती जड. निळ्या पिंपाचं पिक माझ्याकडे होतंच, एका बाजूने झिजलेलं. त्या झिजेवरून कळत होतं की तू पिक तारेला सपाट लावत नव्हतास, तिरकं धरून तार खरवडत मारायचास, आणि तेही पार ब्रिजजवळ, जिथे तार सगळ्यात ताठ असते. मी तसं मारायला लागले. पहिल्या दिवशी मनगट सुजलं. आवाज जवळ येत गेला, पण येऊन एका पायरीवर थांबायचा. मुलगा पडद्यावर दोन्ही आवाज शेजारी लावून दाखवायचा, तुझ्याकडे वरच्या अंगाला, बारीक टोकदार सुरांच्या जागी, डोंगरच्या डोंगर आणि माझ्याकडे टेकडी. "ताई, ट्रेबल अजून वर घ्या." मी घ्यायचे आणि अर्ध्या मिनिटात खाली आणायचे. कानात सुई घातल्यासारखं व्हायचं. हात आपोआप बटणाकडे जायचा. काका कोपऱ्यात बसून म्हणाला, "आम्ही पण ओरडायचो त्याच्यावर. बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवायचा. कमी कर म्हटलं तर म्हणायचा, अजून कुठंय, काय येतंच नाय. आम्हाला वाटायचं मस्करी करतोय."

हे वाक्य माझ्या समोर पडलं आणि मी ते उचललं नाही, बघ. मी फोटोच बघत बसले. काकाने एक जुना फोटो आणला होता, त्यात तू नेहमीसारखा हनुवटी टेकवून. मी म्हटलं, हेही करून बघू, पोजमुळे हाताचा कोन बदलत असेल. पट्टा आखूड केला, मान खाली घातली, आणि हनुवटी जिथे बसली तिथे त्वचेला खडबडीत लागलं. तेव्हा मी ते शिंग उजेडात धरलं. ओरखडे नव्हते. वरची एक ओळ आणि खालची एक ओळ, दातांची, खोल, पुन्हा पुन्हा त्याच जागी रुतलेली. तू हनुवटी टेकवत नव्हतास. लोकांची नजर चुकली की गिटार दातांत धरत होतास. कशाला, ते मला तरी कळेना.

कळलं ते कानांमुळे. ट्रेबल सोसवेना म्हणून मी दाराजवळ टांगलेले ते पिवळे इअरमफ घेतले, मोठ्या आवाजापासून ड्रमवाल्यांचे कान वाचवायला ठेवलेले, आणि कानांवर चढवले. बारीक, टोकदार आवाज सगळा गेला. राहिली नुसती गुरगुर, भिंतीपलीकडून यावी तशी. आता मला माझंच वाजवणं नीट ऐकू येईना, सूर कुठे आहे ते लागेना. म्हणून मी जोरात मारायला लागले. पिक अजून तिरकं, अजून ब्रिजकडे. बटण फिरवलं, आणखी फिरवलं, शेवटपर्यंत गेलं तरी थोडंच वाटत होतं. मग न ठरवता मी हनुवटी शिंगावर दाबली, आणि दात लागले, आणि सूर जबड्यातून आत आला. स्पष्ट. कवटीत. पहिल्यांदा मला वाटलं, हां, आता. तेवढ्यात काका उठून उभा राहिलेला दिसला. दोन्ही हात त्याने तोंडावर धरले होते. मुलाने पडद्याकडे बोट केलं. डोंगराला डोंगर लागला होता. तो माझा आवाज नव्हताच, तुझाच होता, जसाच्या तसा, आणि तो आणायला मला फक्त बहिरं व्हावं लागलं होतं.

डोकं गरगरायला लागलं म्हणून मी बाहेर गल्लीत आले. मफ कानांवर तसेच. ऊन होतं, वर्कशॉपची गुरगुर होती, मी चहाच्या टपरीकडे बघत उभी होते. कुणीतरी दंडाला धरून मला खसकन मागे ओढलं. तो मुलगा. तोंड उघडमीट करत होता, "ताई, गाडी!" माझ्या पाठीशी एक टेम्पो मागे येऊन थांबला होता, मागचे दिवे लुकलुकत होते. मी मफ काढले. आणि तो आवाज आला, टी टी टी टी, गल्ली भरून. क्षणापूर्वीही तो तेवढाच मोठा होता. मी मफ परत चढवले. आवाज गेला, इंजिनची गुरगुर राहिली. काढले. आला. त्या गल्लीत मी वेड्यासारखी मफ घालत-काढत उभी राहिले आणि तो पोरगा घाबरून माझ्याकडे बघत होता. प्रेसच्या आवाजाने तुझे कान गेले होते, बाबा. बारीक आवाज तुझ्यापर्यंत पोचतच नव्हते. कुकर नाही, माझा चिरका गळा नाही, ट्रेलरचा अलार्म नाही. तू ऐकून उभा राहिला नव्हतास. तुला यायचंच होतं घरी.

मी तिथे फुटपाथवर बसून रडले. बरं वाटलं, हे सांगायला लाज कसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझा बाप परत मिळाला होता आणि तो रागावलेला नव्हता. राग-बिग काही नव्हताच त्या आवाजात. तू फक्त स्वतःला ऐकायचा प्रयत्न करत होतास. माझ्या मनगटावरच्या टिचक्या, तो गिटारवरचा हात, सगळं जागच्या जागी येऊन बसलं. आणि मला वाटलं, आईला सांगायला पाहिजे. आत्ताच्या आत्ता. तीही बिचारी तेच ओझं घेऊन म्हातारी झाली. रिक्षात मी वाक्यं जुळवत होते.

आपल्या घराच्या जागी आता चार मजले आहेत, वर भाडेकरू, खाली आई. ती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. मी दारातूनच सांगून टाकलं, सगळं, गिटार, दात, टेम्पो, एका दमात. म्हटलं, आई, बाबांनी जीव नाही दिला. त्यांना ऐकूच येत नव्हतं. ती थांबली नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग म्हणाली, "मना म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"त्याना ऐकाला येत नव्हता ते. तू शालंत जाचीस तवापासून म्हाईत हाय." भाकरी उलटली. "समोरशी बोललं की तोंडावरना वलखाचा. कंपनीचे डाक्टरला पन असाच फसवलान. मना गावदेवीची आन घातलेली, कुनाला सांगू नुको, नोकरी जाल."

मी म्हटलं, मग तू तेव्हा का बोलली नाहीस? लोक ओट्यावर बसून काय बोलत होते, तू ऐकलंस ना?

तव्यावरची भाकरी फुगून करपायला लागली तरी तिने काढली नाही. "यार्डात जाला तो तयार नव्हता," ती म्हणाली. "बोलाचा, ट्रेलरच्या गाऱ्यांचे मधी मना भ्या वाटतंय. मीस धाडलाय त्याना. रोज डबा देऊन धाडलाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जीव दिला बोलली लोका, तं त्याचा त्यानी दिला. बहिरा व्हता असा मी बोलले असते, तं मी घेतला."

मी एवढंच म्हटलं, "आणि मी? मलाही तेच वाटू दिलंस?" तिने पदराने हात पुसले आणि बारीक आवाजात विचारलं, "तुना राग आला काय गो?" मी म्हटलं, नाही. असं कसं, आई. राग कसला.

गाणं पुरं झालंय, बाबा. जोड कळत नाही, काकालासुद्धा कळत नाही, आणि रेकॉर्डिंगवाला मुलगा म्हणाला ट्रेबल थोडं कापू या, कानाला टोचतंय, तर मी कापू दिलं नाही. निळं पिक मी आता पर्समध्ये ठेवते. तुझ्यावरचा राग गेला, हे तुला कळवावं म्हणून हे लिहायला घेतलं होतं. लिहिता लिहिता लक्षात आलं की पत्र कुठे टाकायचं नसलं तरी त्यात एक गोष्ट सांगायची राहतेय, आणि ती तुलाच सांगता येईल.

त्या दिवशी आईला राग कसला म्हणून मी चपला घातल्या आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा आई दारात आली होती. तिने मागून हाक मारली, "बाय, भाकर खाऊन जा गो." मग पुन्हा मारली. म्हातारीचा गळा आता माझ्यासारखाच चिरका झालाय. समोरच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला. मी वळले नाही. ताठ मानेने कोपऱ्यावरून गेले, आणि ती मनाशी म्हणाली असेल, ऐकू आलं नसेल पोरीला. मला स्वच्छ ऐकू आलं होतं, बाबा.